अमेरिकेतली गाडी कॅनडात नेताना : कोणता कागद कधी, कुठे आणि कोणत्या क्रमानं

सामानाचा ट्रक ठरलेला असतो, अमेरिकेतलं घर रिकामं करायची तारीख ठरलेली असते, आणि निघायच्या आठवड्यात प्रश्न येतो : "गाडी तर आम्ही चालवतच नेणार आहोत. तिचं वेगळं काही करावं लागतं का?" लागतं. त्यातलं निम्मं काम दीड-दोन महिन्यांपूर्वीच सुरू व्हायला हवं होतं, हे त्या वेळी सांगणं जिवावर येतं. म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमानं लिहून ठेवतो आहे.

कॅनडाचा पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) मिळालेल्या आणि अमेरिकेत वापरलेली स्वतःची गाडी बरोबर नेणाऱ्या कुटुंबांसाठी हा लेख आहे. वर्क परमिट किंवा स्टडी परमिटवर जाणाऱ्यांसाठी तात्पुरत्या आयातीचा वेगळा मार्ग असतो. त्यांनी खालचं सगळं जसंच्या तसं स्वतःला लावू नये.

एक गोष्ट आधी पक्की लक्षात घ्या. तुमच्या दृष्टीनं तुम्ही फक्त सीमेवरचा एक पूल ओलांडता, पण कायद्याच्या दृष्टीनं गाडीची एका देशातून निर्यात आणि दुसऱ्या देशात आयात होते. अधिकारी वेगळे, कागद वेगळे आणि मुदतीही वेगळ्या. अमेरिकेला पूल ओलांडण्याच्या किमान ७२ तास आधी कागद हवे असतात. कॅनडा मात्र पूल ओलांडून आल्यानंतर ४५ दिवस देतो. ज्यांचं काम अडतं त्यांच्याकडे बहुतेक वेळा कागद असतात, त्यांचा क्रम चुकलेला असतो.

तीन नावं पुन्हा पुन्हा येतील. सीबीपी म्हणजे अमेरिकेचं सीमाशुल्क खातं, सीबीएसए म्हणजे कॅनडाचं. आरआयव्ही म्हणजे आयात गाड्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा. अमेरिकेतून आलेली गाडी कॅनडाच्या नियमांत बसते की नाही, हे ट्रान्सपोर्ट कॅनडा या केंद्रीय वाहतूक खात्याच्या वतीनं ती पाहते.

टप्पा १ : गाडी कॅनडात चालते का, ते आधी पाहा

ड्रायव्हरचं दार उघडा आणि दाराच्या कडेला किंवा दार जिथे बंद होतं त्या खांबावर चिकटवलेलं लेबल शोधा. टायरमधल्या हवेचं लेबल वेगळं, ते नव्हे. तुम्हाला हवं आहे ते कंपनीचं लेबल : त्यावर गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष, विन नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक), आणि ही गाडी अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकांनुसार बनली आहे असं वाक्य असतं. त्याचा स्पष्ट फोटो काढून ठेवा. अपघातानंतर दार बदललेलं असेल तर कधी कधी हे लेबल गेलेलं असतं. मग कंपनीकडून तसं पत्र मागवावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

लेबलवरचा महिना महत्त्वाचा आहे, कारण बनून १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला आरआयव्हीचा टप्पा लागत नाही. इथे मोजायचा तो बनण्याचा महिना. मॉडेलचं वर्ष किंवा तुमच्या खरेदीची तारीख मोजायची नाही. सीमाशुल्काचे कागद आणि प्रांताची तपासणी मात्र जुन्या गाडीलाही चुकत नाही.

१५ वर्षांच्या आतली गाडी असेल तर ट्रान्सपोर्ट कॅनडाची अमेरिकी गाड्यांची यादी उघडा. ती कंपनी, मॉडेल आणि वर्षानुसार लावलेली आहे. आपलं मॉडेल दिसलं की लोक खूश होऊन पान बंद करतात. तसं करू नका, पुढची टीप वाचा. काही मॉडेलांपुढे 'बदल करून चालेल' असं असतं आणि काहींपुढे 'चालणार नाही' असं. इमोबिलायझर हे त्यातलं एक मोठं कारण. चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी ही यंत्रणा १ सप्टेंबर २००७ पासून बनलेल्या गाड्यांना कॅनडात सक्तीची आहे. अमेरिकेत तशी सक्ती नाही, त्यामुळे तिथे त्याच मॉडेलच्या स्वस्त प्रकारात ती नसू शकते.

टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या दाखल्यावर, साल्व्हेज, रीबिल्ट, फ्लड किंवा जंक असा (गाडी कधीतरी मोडली, बुडाली किंवा भंगारात गेली हे सांगणारा) शिक्का असेल तर आरआयव्हीशी बोलून लेखी उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा एकही खर्च करू नका. उंच केलेलं सस्पेन्शन किंवा बाहेरून बसवलेले दिवे यांचंही तसंच. शक्य असेल तर गाडी मूळ रूपात आणा.

*तपासा :* विन नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. तुमच्या कागदावर 'ओ' दिसत असेल तर तो शून्य आहे. डॅशबोर्डवरच्या पट्टीवरून, दाराच्या लेबलवरून आणि टायटलवरून नंबर एकदा मोठ्यानं वाचून जुळवा. टायटलवर एका अक्षराची चूक निघाली तर ती राज्याच्या डीएमव्हीकडून (वाहन नोंदणी खात्याकडून) दुरुस्त करून घ्यायला लागणारा वेळ आत्ता आहे, सीमेवर नसेल.

टप्पा २ : टायटल हातात घ्या

सर्वांत जास्त वेळ खाणारा टप्पा हाच आहे. सीमेवर मूळ कागदी टायटल लागतं. रजिस्ट्रेशनचं कार्ड म्हणजे टायटल नव्हे, आणि फोनवरचा स्कॅनही चालत नाही.

गाडीचं कर्ज फिटलेलं असेल तरी टायटल घरात असेलच असं धरू नका. अनेक राज्यांत ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असतं आणि कागदी प्रत मागावी लागते. कर्ज आत्ताच फेडलं असेल तर बँकेनं बोजा उतरवल्याची नोंद होऊन टायटल यायला काही आठवडे जातात. म्हणून निघण्याच्या किमान आठ आठवडे आधी हे काम हातात घ्या.

कर्ज अजून चालू असेल तर बँकेचं परवानगीपत्र लागतं, आणि त्यात काय हवं हे अमेरिकी नियमांत स्पष्ट आहे : बँकेचं लेटरहेड, मूळ सही आणि तारीख, विन नंबरसह गाडीचं वर्णन, मालकाचं नाव, संपर्काचा फोन, आणि ही गाडी देशाबाहेर नेण्यास परवानगी आहे असं उघड शब्दांत लिहिलेलं वाक्य. 'ग्राहकाचे हप्ते नियमित आहेत' एवढं पत्र निरुपयोगी आहे. अनेक बँका अशी परवानगी देतच नाहीत. त्यामुळे आधी विचारा. नकार आला तर कर्ज फेडायचं की गाडी विकायची, हा निर्णय घरी बसून घेता येईल.

लीजची गाडी असेल तर माझं मत सरळ आहे : परत करून जा. लीजची गाडी कॅनडा तुमच्या मालकीची धरत नाही, त्यामुळे स्थलांतरितांना मिळणारी करमाफी तिला लागू होत नाही.

टायटलवर दोन नावं आहेत का तेही बघा. नवऱ्याच्या नावावरची गाडी घेऊन बायको आधी पुढे जाते, किंवा दोघांच्या नावांमध्ये 'अँड' असतं आणि सीमेवर एकच जण हजर असतो. ज्याच्या नावावर गाडी आहे त्यानंच त्या दिवशी, त्या गाडीबरोबर असणं हा सर्वांत सोपा मार्ग. दोघं असतील तर दोघांनी.

टप्पा ३ : रिकॉल साफ असल्याचं पत्र

कंपनीनं सुरक्षेच्या कारणासाठी परत बोलावलेली दुरुस्ती बाकी असेल तर आरआयव्ही पुढे जाऊ देत नाही. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर विन नंबर टाकला की बाकी असलेले रिकॉल दिसतात. ही झाली तुमच्या माहितीसाठी पहिली चाचणी. आरआयव्हीला द्यायचा पुरावा कंपनीकडून किंवा अधिकृत डीलरकडून आलेला हवा. त्यावर विन नंबर, तारीख आणि 'रिकॉल बाकी नाही' हे तिन्ही हवं. कारफॅक्स या खासगी कंपनीचा गाडीच्या इतिहासाचा अहवाल इथे चालत नाही, आणि दर महिन्याला कुणी ना कुणी तोच घेऊन बसलेलं असतं.

रिकॉल बाकी निघाला तर दुरुस्ती फुकट असते, पण सुटा भाग यायला वेळ लागतो. टकाटा एअरबॅगच्या रिकॉलमध्ये कोट्यवधी गाड्या अडकल्या होत्या आणि भाग मिळायला लोकांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं होतं. त्यामुळे विन नंबरची ही चाचणी टायटलच्या कामाबरोबरच करून टाका. पत्र मात्र निघण्याच्या जवळ घ्या, म्हणजे तारीख ताजी राहील.

डीलरकडे गेलात की आणखी एक प्रश्न विचारून घ्या : उरलेली वॉरंटी कॅनडात चालेल का? उत्तर लेखी मागा.

टप्पा ४ : सामानाची यादी, आणि तीत गाडी

पैशाच्या दृष्टीनं सर्वांत महाग चूक इथे होते, म्हणून इथे थोडं थांबा.

कॅनडात स्थायिक व्हायला येणाऱ्याला त्याचं वापरातलं सामान शुल्क आणि कर न भरता आणता येतं. अट तीन शब्दांत आहे : मालकी, ताबा आणि वापर. तिन्ही कॅनडात स्थायिक म्हणून पाऊल ठेवण्याच्या आधीचं हवं. त्यासाठी बीएसएफ १८६ नावाचा फॉर्म भरायचा. त्याला दोन याद्या जोडल्या जातात : आज बरोबर आणलेलं सामान आणि मागून येणारं सामान. गाडी या दोनपैकी एका यादीत असलीच पाहिजे. कंपनी, मॉडेल, वर्ष, विन नंबर आणि कॅनेडियन डॉलरमधली आजची किंमत, एवढं लिहायचं.

आता घोळ कसा होतो ते पाहा. पीआर घेऊन कॅनडात शिरायची मुदत संपत आलेली असते, म्हणून माणूस विमानानं टोरांटोला जातो, लँडिंग (कायम रहिवासी म्हणून पहिला प्रवेश) करतो, दोन दिवसांत परत येतो आणि अमेरिकेत नोकरी चालू ठेवतो. विमानतळावर अधिकारी विचारतो, "मागून काही सामान येणार आहे का?" थकलेला माणूस म्हणतो, "नाही, अजून ठरलेलं नाही." सहा महिन्यांनी तो गाडी घेऊन सीमेवर येतो आणि यादीत गाडी नसते. स्थायिक होण्याचा दिवस कागदोपत्री केव्हाच होऊन गेलेला असतो.

दुसरा प्रकारही तितकाच नेहमीचा आहे. लँडिंग करून परत आल्यावर अमेरिकेत नवी गाडी घ्यायची आणि ती घेऊन जायचं. ही गाडी लँडिंगच्या आधी तुमच्या मालकीची नव्हती, म्हणून करमाफी नाही. मग ५ टक्के जीएसटी आणि प्रांताचा कर येतो. गाडी उत्तर अमेरिकेबाहेर बनलेली असेल तर त्यावर ६.१ टक्के आयात शुल्क. शिवाय ९ एप्रिल २०२५ पासून कॅनडानं अमेरिकेत बनलेल्या आणि उत्तर अमेरिकेच्या व्यापार करारात न बसणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के प्रतिशुल्क लावलं. हे दर बदलत राहतात, म्हणून अशी गाडी घेण्याआधी सीबीएसएला विन नंबर देऊन विचारा. गाडी कुठे जुळवली गेली याचा अंदाज विन नंबरच्या पहिल्या चिन्हावरून येतो : १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका, २ म्हणजे कॅनडा, ३ म्हणजे मेक्सिको, जे म्हणजे जपान, के म्हणजे कोरिया.

*सावध :* लँडिंग फक्त 'स्टॅम्पसाठी' असलं तरी यादी पूर्ण घेऊन जा. गाडी नेणार की नाही हे ठरलेलं नसलं तरी ती मागून येणाऱ्या सामानात लिहा. यादीत असलेली वस्तू आणली नाही तर काही बिघडत नाही. नसलेली आणली तर बिघडतं. शिक्का मारलेली प्रत पासपोर्टच्या पाकिटात ठेवा, सामानाच्या खोक्यात नको.

टप्पा ५ : अमेरिकेतून निर्यातीची नोंद

हा टप्पा असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. एप्रिल २०१४ पासून अमेरिकेतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वापरलेल्या गाडीची इलेक्ट्रॉनिक नोंद करावी लागते, गाडीची किंमत कितीही असो आणि ती कॅनडात का जात असेना.

क्रम असा :

पहिल्यांदा ईआयएन (कर खातं व्यवसायांना देतं तो ओळख क्रमांक) घ्या. ही नोंद सोशल सिक्युरिटी नंबरवर करता येत नाही. ईआयएन आयआरएस या अमेरिकी कर खात्याच्या संकेतस्थळावर विनाशुल्क मिळतो. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं शोधात वर दिसतात, त्यांच्याकडे जाऊ नका.

मग एसीई या सीबीपीच्या पोर्टलवर निर्यातदाराचं खातं उघडून माहिती भरा : मालक, विन नंबर, टायटल नंबर, टायटल कोणत्या राज्याचं, किंमत, आणि सीमेवरच्या कोणत्या ठाण्यावरून बाहेर पडणार. फॉर्म व्यापाऱ्यांसाठी बनवलेला आहे आणि एका गाडीसाठी तो अवजड वाटतो. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी फी घेऊन नोंद करून देणारे फ्रेट फॉरवर्डर असतात. माझ्या मते ज्यांच्याकडे तीन आठवडे आहेत त्यांनी स्वतः करावं. एकच आठवडा उरला असेल तर फी भरून मोकळं व्हावं.

नोंद स्वीकारली गेली की आयटीएन, म्हणजे निर्यातीच्या नोंदीचा क्रमांक, मिळतो. तो इंग्रजी एक्स अक्षरानं सुरू होतो, पुढे १४ आकडे असतात आणि त्यातले पहिले आठ म्हणजे तारीख. नोंद 'मिळाली' असं सांगणारा ईमेल म्हणजे आयटीएन नव्हे. तो नंबर प्रत्यक्ष दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

शेवटी आयटीएन, टायटलच्या दोन्ही बाजूंची प्रत, ओळखपत्र आणि लागू असेल तर बँकेचं पत्र हे ज्या ठाण्यावरून जाणार तिथल्या सीबीपीच्या निर्यात कक्षाला पाठवा. ७२ तास इथून मोजायचे. आयटीएन मिळाल्यापासून मोजणारे लोक एक दिवस आधी सीमेवर पोचतात.

ठाणं निवडताना फोन करून तीन गोष्टी विचारा : वापरलेल्या गाड्यांची निर्यात इथे होते का, कक्ष कोणत्या दिवशी कोणत्या वेळात उघडा असतो, आणि कागद ईमेलनं चालतात का. प्रत्येक पुलावर हे काम होत नाही. नायगाराजवळ चार पूल आहेत, पण त्यातला व्हर्लपूल पूल तर फक्त नेक्सस कार्ड (आधीच तपासून घेतलेल्या प्रवाशांचं कार्ड) असलेल्यांसाठी आहे.

हा फोन न करण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. आम्ही शनिवारी सकाळी पोचलो. आयटीएन होता, मूळ टायटल होतं, ७२ तास केव्हाच उलटले होते. पुलाच्या आधी उजवीकडे वळून ती लहानशी इमारत शोधली. काचेच्या दारावर आतल्या बाजूनं चिकटवलेला एक कागद : सोमवार ते शुक्रवार. गाडीत छतापर्यंत सामान, मागे पाय मुडपून बसलेली मुलं, आणि आदल्याच दिवशी रिकाम्या केलेल्या घराच्या किल्ल्या घरमालकाकडे. दोन रात्री मोटेलमध्ये काढल्या. सोमवारी तेच काम पंचवीस मिनिटांत झालं.

टप्पा ६ : सीमेचा दिवस

आदल्या दिवशी गाडी धुवा, खालच्या बाजूनं आणि चाकांच्या कमानींतसुद्धा. मातीबरोबर कीड आणि बियाणं येतं म्हणून कॅनडात आणल्या जाणाऱ्या गाडीवर माती चालत नाही. कॅम्पिंगची लाकडं, कुंड्या, माती लागलेली रोपं गाडीत ठेवू नका.

कागदांचं एक पाकीट ड्रायव्हरच्या हाताशी असू द्या : मूळ टायटल आणि त्याच्या दोन प्रती, आयटीएन, खरेदीची पावती, रिकॉलचं पत्र, दाराच्या लेबलचा फोटो, पासपोर्ट, पीआरचे कागद, बीएसएफ १८६ आणि याद्या, आणि चालू अमेरिकी इन्शुरन्स.

आधी अमेरिकेची बाजू. निर्यात कक्ष पुलाच्या अलीकडे असतो, आणि रांगेत शिरलात की गाडी सरळ कॅनडाच्या खिडकीपाशी जाते, मागे वळता येत नाही. म्हणून जीपीएसवर पुलाचा पत्ता न टाकता कक्षाचा पत्ता टाका. अधिकारी विन नंबर गाडीवर पाहून टायटलशी जुळवतो आणि टायटलवर निर्यातीचा शिक्का मारतो. तो शिक्का नीट उमटला आहे ना, ते तिथेच पाहा. नोंद न करता गाडी बाहेर नेली तर दंड होऊ शकतो.

मग कॅनडाची बाजू. खिडकीवर एका वाक्यात सांगा : आम्ही स्थायिक व्हायला आलो आहोत, ही गाडी आयात करतो आहोत आणि सामानाची यादी आहे. तुम्हाला आत पाठवतील. इमिग्रेशन आधी, सीमाशुल्क नंतर.

सीमाशुल्काच्या टेबलावर गाडीसाठी फॉर्म १ भरला जातो. हा कागद पुढच्या सगळ्या दारांची चावी आहे. शिक्का मारलेला फॉर्म हातात आला की टेबल सोडण्याआधी विन नंबर एकेक अक्षर जुळवा, नाव टायटलवर आहे तसंच आहे का पाहा आणि पत्ता बरोबर आहे का तेही. आरआयव्हीची पुढची सगळी पत्रं याच माहितीवर निघतात. कॅनडातला घराचा पत्ता अजून नसेल तर ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा द्या, पण पत्र खरंच पोचेल असाच.

*तपासा :* पार्किंगमधून निघण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात. शिक्क्याचं टायटल, शिक्क्याचा फॉर्म १, शिक्क्याचा बीएसएफ १८६. तिथेच गाडीत बसून तिन्हींचे फोटो काढा.

टप्पा ७ : आरआयव्हीचे ४५ दिवस

सीमा ओलांडली त्या दिवसापासून मोजा. आरआयव्हीची फी भरा (तीनशे कॅनेडियन डॉलरच्या वर जाते, त्यावर कर), रिकॉलचं पत्र पाठवा. ते तपासून तुम्हाला फॉर्म २ पाठवतात. त्यावर तुमच्या गाडीला काय बदल लागतील हे लिहिलेलं असतं. बदल करून घ्यायचे आणि मग त्यांनी नेमलेल्या केंद्रात गाडी दाखवायची.

बदल बहुधा किरकोळ असतात. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे कॅनडात १९९० च्या मॉडेलपासून सक्तीचे आहेत. पुष्कळ गाड्यांत ते असतात आणि डीलर फक्त संगणकावरून चालू करून देतो. मुलांच्या सीटचा वरचा पट्टा अडकवायचे हूक लागतात. स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये दिसायला हवा. डिजिटल असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बदलायचा, बस. एअरबॅगच्या सूचनांची फ्रेंच लेबलं लागू शकतात.

फॉर्म २ येण्याआधी मेकॅनिककडे धावू नका. काय बदलायचं ते त्यावरच कळतं. दुसऱ्या टोकाला, चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबूही नका. पहिल्या फेरीत एखादी गोष्ट नापास झाली तर दुसऱ्या फेरीला दिवस उरायला हवेत.

टप्पा ८ : प्रांताची तपासणी, इन्शुरन्स आणि नंबर प्लेट

आरआयव्हीची तपासणी पास झाली म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित ठरली असं नाही. आरआयव्ही कॅनडाच्या मानकांपुरतं पाहते. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, गंज हे पाहणं प्रांताचं काम. लोक या दोन तपासण्या एकच समजतात आणि नोंदणीच्या खिडकीवरून परत येतात.

ओंटारिओत सेफ्टी स्टँडर्ड्स सर्टिफिकेट लागतं आणि ते ३६ दिवसच चालतं. आल्या आल्या उत्साहानं ते काढलं आणि आरआयव्हीचं काम लांबलं, तर पुन्हा पैसे भरून काढायची वेळ येते. म्हणून आरआयव्ही आधी, सेफ्टी नंतर. आल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबियात बाहेरून आलेल्या गाडीची वेगळी तपासणी असते.

मुदतीही वेगळ्या. ओंटारिओत गाडीच्या नोंदणीला ३० दिवस, लायसन्स बदलायला ६०. ब्रिटिश कोलंबियात गाडीला ३०, लायसन्सला ९०. आल्बर्टात दोन्हींना ९०. ओंटारिओचे ३० दिवस आरआयव्हीच्या ४५ च्या आधी संपतात हे लक्षात आलं असेल. तिथे जाणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात आरआयव्हीची फी भरावी.

इन्शुरन्सचं काम अमेरिकेतूनच सुरू होतं. तिथल्या इन्शुरन्स कंपनीकडून किती वर्षं विमा होता आणि किती दावे झाले याचं पत्र घ्या, डीएमव्हीकडून ड्रायव्हिंग रेकॉर्ड घ्या. ही दोन पानं नसतील तर पंधरा वर्षं अपघात न करता गाडी चालवणाऱ्यालाही नवशिक्याचा हप्ता सांगितला जातो. ब्रिटिश कोलंबिया, सॅस्कॅचेवान आणि मॅनिटोबात मूळ विमा सरकारी कंपनीचा असतो. ओंटारिओ आणि आल्बर्टात खासगी कंपन्यांचा, तिथे चार ठिकाणी भाव विचारा.

नोंदणीच्या खिडकीवर बीएसएफ १८६ ची प्रत न्यायला विसरू नका. गाडीवर कर का भरलेला नाही हे प्रांतही विचारतो, आणि उत्तर त्याच कागदात आहे. क्वेबेकला जाणार असाल तर १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत.

टप्पा ९ : अमेरिकेतलं खातं बंद करणं

हे सर्वांत शेवटी. नव्या प्लेट लागेपर्यंत गाडी अमेरिकी प्लेट आणि अमेरिकी विम्यावरच चालत असते. निघायच्या दिवशी विमा रद्द करणारे लोक त्यानंतरचे कित्येक दिवस विमा नसलेली गाडी चालवत असतात. आपण राहायला कॅनडात चाललो आहोत हे अमेरिकी विमा कंपनीला आधीच कळवा आणि किती दिवस संरक्षण राहील ते लेखी घ्या.

कॅनडाची प्लेट लागली की जुन्या प्लेटचं काय करायचं ते तुमच्या राज्याचा नियम पाहून ठरवा. न्यूयॉर्कमध्ये प्लेट आधी परत करायच्या आणि मगच विमा रद्द करायचा. उलट केलं तर रजिस्ट्रेशन आणि लायसन्स निलंबित होऊ शकतं. पोस्टानं पाठवल्यास पोचपावती जपून ठेवा.

आणि कॅलेंडरमध्ये एक तारीख टाका : गाडी आणल्यापासून बारा महिने. करमाफीनं आणलेली गाडी त्याआधी विकली किंवा कुणाला दिली, तर माफ झालेलं शुल्क आणि कर तेव्हा भरावे लागतात.